भिंतीवरच्या बायका

अप्पा,

टेंभी नाक्याजवळचं संस्थेचं सभागृह पाडणार आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा जीव आता कुठे टांगणीला लागायचा म्हणा, पण सवय. तुमच्या आजारपणातही वाईट बातमी आधी आणि चहा नंतर, असाच आपला क्रम होता. तर जुनी इमारत जाणार, खाली दुकानं येणार, वर ऑफिसं, आणि मधल्या कुठल्यातरी मजल्यावर संस्थेला नवं एसी सभागृह मिळणार. संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. ते म्हणाले, "काकू, बिल्डरने नवरात्रापर्यंत टाइम दिलाय. नाक्यावरच्या देवीचं विसर्जन झालं की लगेच काम चालू. पण कमिटीने ठरवलंय, सरांच्या पेंटिंगचा एक तुकडा काढून ठेवायचा. पूर्ण भिंत नाही जमणार, खालून सगळा लोणा लागलाय, ओलीने मीठ फुटलंय. दाराएवढा एक पीस निघेल फार तर. तुम्ही घरच्या ना, तर कुठला काढायचा ते तुम्हीच सांगा." मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ सालं डाळिंब्यांत आणि डाळिंब्या सालांत टाकत राहिले.

कुठला तुकडा हे मी सांगायचं! अप्पा, तुम्ही रंगवलेल्या त्या भिंतीवरचं मला आयुष्यभर एकच हवं होतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा मी अजून धड चालतही नव्हते. तिचा फोटो नाही. लग्नातला एकच होता, तो तिच्या माहेरी कोकणात भिंतीवर टांगलेला, त्याला वाळवी लागली. तुम्ही स्वतः कधी काढून घेतला नाहीत, कारण फोटोवाल्यांशी तुमचं सोयरसुतक नव्हतं. "फोटो म्हणजे माणसाची हजेरी, माणूस नव्हे," असं तुम्ही म्हणायचात. वाक्य छान आहे. पण अप्पा, ज्याच्याकडे हजेरीसुद्धा नाही त्याने काय करायचं? मला लहानपणापासून सगळे सांगत आले, तुझी आई ना, ती संस्थेच्या भिंतीवर आहे. कुठली ते मात्र जो तो वेगळं सांगायचा.

तुमची भिंत मला डोळे मिटून दिसते. डावीकडे मिठागरं, टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी आगरी बाई. मग खाडी, होडी, होडीतून उतरणारी कोळीण. मध्ये तलाव, घागर भरून कमरेवर घेतलेली एक, कडेवर मूल असलेली दुसरी, आणि पायरीवर ओलं लुगडं खांद्यावर टाकून उभी असलेली एक पाठमोरी. उजवीकडे लग्नघर, हळद लागलेली नवरी, सुपात तांदूळ पाखडणारी म्हातारी. पुरुष आहेत, पण असून नसल्यासारखे, एक सनईवाला, एक नावाडी. त्याच भिंतीसमोर ठाण्यातल्या निम्म्या लोकांची बारशी झाली, मुंजी झाल्या, स्वागत समारंभ झाले. जेवणाच्या पंगतीत बसून आपले नातेवाईक माझ्या आईवरून वाद घालायचे. काकू म्हणायची, "नवरी! डोळे बघ की!" आत्याचं ठाम मत होतं की घागरवाली. कोणीतरी लांबचे मामा म्हातारीकडे बोट दाखवून मोकळे झाले होते, त्यांना काकूने तिथेच झापलं. मी आपली मनाशी कडेवर मूल असलेली धरून ठेवली होती. ती आई असेल तर ते मूल मी, असा माझा हिशेब होता. दुसऱ्यांच्या लग्नात जिलबी हातात धरून मी त्या बाईकडे इतकं बघत बसायचे की पाक कोपरापर्यंत ओघळायचा. एकदा धीर करून तुम्हालाच विचारलं. तुम्ही खांबाला टेकून, नेहमीसारखे एकटे, सरबत पीत उभे होतात. म्हटलं, "अप्पा, यातली आई कुठली?" तुम्ही भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "सगळ्या." मला इतका राग आला! पोराने चंद्र मागितल्यावर त्याला आरसा द्यावा तसं ते उत्तर वाटलं.

लोक आता तुम्हाला मोठं करायला निघाले आहेत. सेक्रेटरींनी एक माहितीपत्रक छापायला घेतलंय, त्यात तुमच्या दिल्लीचं फार कौतुक आहे. साहेबाने दिल्लीला नवी राजधानी बांधली तेव्हा मुंबईच्या कलाशाळेत भित्तिचित्रांचा वर्ग होता, त्या वर्गातल्या पोरांना तिथल्या घुमटांचं काम मिळालं आणि त्या पोरांत तुम्ही होतात, हे खरं. पण तुम्ही त्याबद्दल कधी छाती फुगवून बोलला नाहीत. बाकीच्यांचं कसं होतं कोण जाणे, तुमच्या वाट्याचं चित्र तुम्ही इथे मुंबईतच कापडावर काढलंत, गुंडाळलंत, आगगाडीत घातलंत आणि तिथे नेऊन चिकटवलंत. "ते भिंतीचं चित्र नव्हे," तुम्ही म्हणायचात, "ते भिंतीला नेसवलेलं लुगडं." परत आलात ते काम मिळेल म्हणून, आणि काम कुठलं! घुमट रंगवलेल्या माणसाने मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, जंगल, राजवाडा, रस्ता, पुन्हा जंगल. कल्याणच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्यात. शेवटी ठाण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालात, चांगलं चाळिशीला टेकल्यावर लग्न केलंत आणि कोपरीच्या दोन खोल्यांत संसार मांडलात. मग संस्थेने नवं सभागृह बांधलं आणि कोणाला तरी आठवलं की आपल्या मास्तरांना भिंती रंगवता येतात. तेवढी एक भिंत तुम्हाला आयुष्यात मनासारखी मिळाली. ओल्या चुन्यावर, गवंड्याने सकाळी जेवढा गिलावा लावला तेवढाच संध्याकाळपर्यंत रंगवायचा, वाळला की संपलं, चुकलं तर खरवडून पुन्हा. त्यानंतर आई गेली आणि तुम्ही पुन्हा कुठल्या भिंतीला हात लावला नाहीत. विचारायला लोक आले होते, मला आठवतंय. एका देवळाचे विश्वस्त तर नारळ घेऊन आले होते. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत.

कोपरीचं ते स्वयंपाकघर मला अजून वासाने आठवतं. अळशीचं तेल आणि फोडणी, दोन्ही एकदम. ओट्याखाली दोन पाटे असायचे, एक चटणीचा आणि एक रंगाचा. रंगाच्या पाट्याला हात लावायचा नाही, हा घरातला एकच कायदा. मी दुसरीत किंवा तिसरीत असेन. तुम्ही शाळेतून यायच्या आत तुम्हाला चटणी-भात तयार द्यावा असं माझ्या मनाने घेतलं. चटणीचा पाटा जड, तो मला ओढवेना. रंगाचा हलका होता, आणि धुतलेलाही दिसत होता. मी त्यावर खोबरं, मिरची, कोथिंबीर अशी झकास चटणी वाटली. तुम्ही आलात, ताटात बघितलंत, पाट्याकडे बघितलंत, आणि ताट माझ्या हातातून असं उडवलंत की भात छताला लागला. माझी मान धरून मोरीवर नेलंत, तोंडात बोटं घालून विचारत राहिलात, "खाल्लीस? चाखलीस? खरं सांग!" मी चाखलीही नव्हती, तुमच्यासाठी ठेवली होती. आदल्या दिवशी तुम्ही त्यावर हरताळ वाटली होतीत. तो पिवळा रंग म्हणजे विष, हे तुम्ही मला नंतर समजावलंत, पण आधी मोरीच्या कठड्यावर बसून तुम्ही रडलात. मोठा माणूस रडतो हे मी पहिल्यांदा बघत होते, त्यामुळे मीच तुमच्या डोक्यावरून हात फिरवला. तुम्ही म्हणालात, "मला आता तूच आहेस गं, आणि तू विषाची चटणी वाटतेस." दुसऱ्या दिवशी तो पाटा घरातून गेला. शेजारच्या कोळणीने नंतर मला जवळ घेऊन सांगितलं, "बापाचा राग धरू नको गो बाय. घाबरलाय तो."

तुम्ही मला दिलेल्या वस्तू फार नाहीत. पण लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, तेव्हा आमच्या त्या एका खोलीच्या बिऱ्हाडाला तुम्ही स्वतः येऊन चुना दिलात. ह्यांनी एका रंगाऱ्याशी बोलणी केली होती, तुम्ही त्याला हाकलून लावलंत. चुना तुम्ही आधीच ठाण्याला भिजत घातला होता, तो डब्यातून घेऊन आलात, त्यात डिंक घातलात, चिमूटभर नीळ घातलीत, आणि रिटायर झालेला माणूस, डोक्याला पंचा बांधून शिडीवर चढलात. खालून सासूबाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या, की हे काय, व्याह्यांना कामाला लावलंय! मी काय करणार? तीन हात दिलेत तुम्ही, तिसरा हात सुकल्यावर खोली अशी दिसायला लागली की सकाळ झालीय असं वाटावं. मी म्हटलं, "अप्पा, आता एवढं केलंत तर दाराजवळ एखादी वेल तरी काढा, लोक विचारतील चित्रकाराची मुलगी ना." तुम्ही कुंचला धूत म्हणालात, "नको. घाईने काढलेलं रोज बघावं लागतं." मी रुसले. मग तिथे एका बँकेचं कॅलेंडर लावलं, आणि तुम्ही दर वेळी आलात की त्या कॅलेंडरकडे पाठ करून बसायचात.

शेवटच्या वर्षी मी तुम्हाला डोंबिवलीला घेऊन आले. तेव्हा एका दुपारी तुमच्या मांडीवर पाट आणि कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, "अप्पा, मला आई काढून द्या." इतक्या वर्षांत सरळ असं मागितलं नव्हतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. खूप वेळ पेन्सिल नुसती धरून बसलात. मग मानेची एक रेघ काढलीत, काय रेघ होती ती, आजारी माणसाची वाटणारच नाही! कान काढलात, कानावरचे केस काढलेत, आणि चेहऱ्याच्या जागेशी येऊन पेन्सिल थांबली. तुम्ही कागद खाली ठेवलात आणि म्हणालात, "उद्या बघू." उद्या, परवा, मी रोज कागद पुढे करायचे आणि तुम्ही रोज उद्या म्हणायचात. एकदा नुसतं म्हणालात, "फार तोंडं काढली गं मी." मला त्याचा अर्थ लागला नाही. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

तर सेक्रेटरींचा फोन आल्यावर मी ठाण्याला गेले. सभागृहात खुर्च्या एका बाजूला रचून ठेवलेल्या, पंखे काढून नेलेले. भिंतीसमोर बांबूचा माचा बांधला होता आणि त्यावर एक मुलगी बसली होती, जुनी चित्रं सावरायचं शिकलेली. कल्याणची आहे, माझ्या नातीएवढी. बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत होती, दार वाजवावं तशी. "आजी, इकडे ऐका ना, इथे पोकळ आवाज येतोय. म्हणजे गिलावा सुटलाय. हा पार्ट नाही निघणार, चुरा होईल." तुमची आगरीण अशीच गेली. कोळीण कमरेखाली मिठाच्या ओलीने खाऊन टाकलेली. नवरीच्या कपाळात कधीकाळी कोणीतरी ट्यूबलाइटचा खिळा ठोकलाय, तुम्ही असताना घड्याळासाठी ठोकला होता त्याच्याच शेजारी. त्या घड्याळावरून तुम्ही वर्षभर संस्थेची पायरी चढला नव्हतात, ते मी पोरीला सांगितलं, ती हसली. निघण्यासारखा मधला भाग, तलावाचा. घागरवाली, मूल घेतलेली आणि पाठमोरी, तिघींतली एक. पोरगी म्हणाली, "माझं म्हणाल तर मूलवाली घ्या, फेस एकदम क्लीन आहे. ही पाठमोरी थोडी ऑफ आहे, बघा ना, लेफ्ट शोल्डर खाली गेलाय. बाकी सगळ्या फिगर एवढ्या परफेक्ट, हिलाच सरांनी करेक्ट कसं नाही केलं कळत नाही." सेक्रेटरीही मूलवालीच म्हणाले, नव्या लॉबीत छान दिसेल. मलाही तीच हवी होती. पण आधी खात्री करायची होती. म्हटलं, "दोन दिवस द्या. मी एकदा कल्याणला जाऊन येते."

कल्याणला पारनाक्याजवळ मावशी आहे. आईची धाकटी बहीण, आता तुमच्या पिढीतली ती एकटीच उरलीय. आईच्या बाळंतपणाला ती कोपरीला येऊन राहिली होती, हे मला ठाऊक होतं, पण तिला मी भिंतीबद्दल कधी विचारलं नव्हतं. तुमच्यात आणि तिच्या माहेरच्यांत आई गेल्यावर जे फाटलं ते तुम्ही असेपर्यंत सांधलं नाही, आणि नंतर आम्ही भेटायला लागलो ते सणावारी, सुनेच्या देखत. नव्वदीला आलीय, दिसतं कमी, बाकी जीभ शाबूत. मी म्हटलं, मावशी, त्या भिंतीवर आईचा चेहरा कुठला, तेवढं सांग, उशीर करू नकोस. तर मला म्हणते, "अगं, चेहरा कसला शोधत्येस? चेहरा काढूच दिला नाही तिने."

मग तिने सांगितलं. अप्पा, तुम्ही ऐका, चुकलं असेल तर तुमचं तुम्ही बघा. म्हणाली, "त्या काळी चित्रकारापुढे उभी राहायला घरंदाज बाई कोण मिळणार होती? म्हणून घरातलीच धरली. कोपरीच्या खोलीत दार लावून घ्यायचे, ताईच्या डोक्यावर वाळूची टोपली द्यायचे, ती झाली आगरीण. कमरेवर घागर, की पाणी भरणारी. माझाच शालू नेसवून नवरी केलीन तिला, आणि तू पोटात. म्हातारी पण तीच, पाटावर वाकून बसवलेली. कागदावर पहिलं चित्र झालं तेव्हा तोंड तिचंच होतं, हुबेहूब. तर ताई म्हणाली, हे पुसा. म्हणाली, उद्या तिथे सभा होणार, पंगती उठणार, येणारा-जाणारा पान खात माझ्या तोंडाकडे बघत बसणार, मला नाही चालायचं. हात घ्या, पाय घ्या, पण तोंड चारचौघांत मांडायचं नाही. तुझे वडील दोन दिवस जेवले नाहीत. पण शब्द दिलान. मग बाजारात बसून कोळणींची तोंडं काढून आणायचे, शाळेतल्या पोरांच्या आयांची, माझंसुद्धा घेतलंन एक, ती मूलवाली आहे ना, तिचं नाक माझं आहे." मी तिच्या नाकाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी जिला आई म्हणून बघत जिलबी खाल्ली, ती ही, समोर बसून बत्तीशी काढून हसणारी.

मग मी विचारलं, आणि ती पाठमोरी? मावशीचं हसू थांबलं. "ती पुरती ताई. पाठमोरीला तोंड बदलायची गरजच नव्हती. आमच्या माहेरची विहीर खोल, पाणी ओढून ओढून तिचा डावा खांदा उतरला होता. बाकीच्या चित्रांत तुझ्या वडिलांनी तो सरळ केला, त्यांच्या चित्रांच्या शाळेत तसं शिकवलेलं. तिथे ठेवलान तसाच. आणि सांगू का, ते उभं करून काढलेलं नव्हेच. तू चार-पाच महिन्यांची. ताई न्हाऊन आलेली, लुगडं खांद्यावर, त्यांच्यासमोर उभी, आता कशी उभी राहू म्हणून विचारत होती. पाळणा भिंतीकडे. तू ओरडलीस, ती गर्रकन वळली तुझ्याकडे, आणि तुझे वडील म्हणाले, बस्स, अशीच राहा, हलू नको. तुला उचलायला मी पुढे झाले तर मलाही हाताने थांबवलंन. ती बिचारी तिथूनच तुला हसवत होती, तोंडं करत होती, आणि ते मागून काढत होते. तू रडायची थांबून टुकूटुकू बघत होतीस तिच्याकडे."

अप्पा, मी तिथून उठले ते पायऱ्या कशा उतरले मला माहीत नाही. रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते आणि मी पारनाक्यावर एका कुलूप लावलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले, भर दुपारी, माझ्या वयाला न शोभेल असं. राग आला होता तुमचा. तुम्ही तिला दिलेला शब्द भिंतीपुरता होता ना? घरात, माझ्यासाठी, वहीच्या एका कागदावर काढून ट्रंकेत ठेवलं असतं तर तिने काय तुम्हाला खाल्लं असतं? मग तुमचं ते "उद्या बघू" आठवलं. तुम्ही तिचा चेहरा चित्रातून इतक्या वेळा गाळलात, त्या जागी इतके दुसरे चेहरे बसवलेत, की मागितला तेव्हा तो तुमच्याकडेही उरला नव्हता. तुम्ही मला फसवत नव्हता, तुम्हाला येत नव्हतं. तुमच्यासारख्या माणसाला हे कोणाला सांगवलं नसेल. आणि ज्या घटकेचं ते चित्र आहे, त्या घटकेला तुम्हाला तिचा चेहरा दिसतच नव्हता. तो बघणारी मी होते. तो मी पोटभर पाहिलाय, अप्पा, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. याचं दुःख कसं करायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, पाठमोरी काढा. ते गडबडलेच. "काकू, पाठमोरी? अहो, लोकांना बघायला चेहरा तरी नको का? कमिटी काय म्हणेल?" मी म्हटलं, तुम्ही घरच्या, तुम्हीच सांगा, असं कमिटीच म्हणाली होती ना, मग सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, चुना तिथला पक्का आहे. मग पोरगी कामाला लागली. तिने त्या बाईवर जाळीचं कापड खळीने चिकटवलं, कडेने कापलं, आणि तिच्या माणसांनी मागून गिलावा हळूहळू सोडवून तिला आडवी करून उचलली. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर जाऊन नाक्यावरच्या मांडवाची तयारी बघत बसले. देवीचं विसर्जन झालं आणि आठवड्याभरात भिंत पडली. मी गेले नाही. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी व्हिडिओ काढून पाठवला, तो मी न बघता काढून टाकला.

परवा पोरीचा फोन आला, पीस तयार आहे, बघायला या. शीळफाट्याच्या पुढे एका गोदामात तिने काम मांडलंय. मुलगा गाडीने घेऊन गेला. लाकडी चौकटीत बसवून तिला उभी केली होती, मध्यावर, भिंतीला न टेकवता. वरचं कापड काढून पुसून घेतल्यावर रंग असा निघालाय, अप्पा, की तलावाचं पाणी मी लहानपणीसुद्धा इतकं हिरवं पाहिलेलं नाही. अंबाड्यातून सुटलेले दोन केस आहेत मानेवर. इतकी वर्षं धुळीखाली ते दिसलेच नव्हते. मुलगा म्हणाला, "आजोबा भारी होते गं," आणि त्याने फोटो काढले. मग ती पोरगी त्याला बाहेर काहीतरी दाखवायला घेऊन गेली, आणि मी पाठमोरीपाशी एकटी राहिले.

हे सगळं लिहून आता कुठे टाकायचं? तुमचा पत्ता होता ती कोपरीची चाळही आता नाही. राहील इथेच, पोळपाटाखालच्या खणात. पण लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, ती मुलालाही सांगितली नाही, तुम्हाला सांगते. ती दोघं बाहेर गेल्यावर मी दाराकडे बघून घेतलं, कोणी येत नाही ना म्हणून. आणि मग पदर खोचून, चौकटीला धरत धरत, मी तिच्या मागच्या बाजूला गेले. चुना होता, तारेची जाळी होती, वरच्या कोपऱ्यात पोरीने मार्करने 'वरची बाजू' असं लिहिलं होतं. मी तिथे उभी राहिले, मान वर करून, मुलगा हाक मारेपर्यंत.